घरची मोटार, अनेक चालक : विमापत्रात नावे कोणाची असावीत?

मोटार वडिलांच्या नावावर नोंदलेली असते. सकाळी ती मुलगा कार्यालयात नेतो, दुपारी सून मुलांना शाळेतून आणते, रविवारी आई बाजारात नेते आणि लांबच्या प्रवासाला पगारी चालक बोलावला जातो. देशातील असंख्य मध्यमवर्गीय घरांतील हे नेहमीचे चित्र आहे. अशा वेळी मोटारीच्या विमापत्रात, म्हणजेच पॉलिसीत, या सर्वांची नावे असावी लागतात का, असा प्रश्न अनेक वाहनधारकांना पडतो.

या प्रश्नाचे भारतापुरते थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र हे उत्तर अर्धेच आहे. गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले किंवा गाडीचेच नुकसान झाले, तर चालकाचे नाव विमापत्रात आहे की नाही हे पाहिले जात नाही. त्याच्याकडे वैध परवाना होता की नाही, हे पाहिले जाते. परंतु चालक स्वतः जखमी झाला किंवा मृत्युमुखी पडला, तर विमापत्रात नाव कोणाचे आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो. या दोन बाबींमधील फरक बहुतेक कुटुंबांच्या लक्षात अपघात झाल्यानंतरच येतो.

कायद्याची चौकट

भारतात मोटार विम्याचा मुख्य आधार मोटार वाहन कायदा, १९८८ हा आहे. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायचे असेल, तर त्रयस्थ पक्षाच्या हानीबाबतचा विमा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा, बंधनकारक आहे. विम्याशिवाय वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार रुपये आणि पुढील गुन्ह्यासाठी चार हजार रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद कलम १९६ मध्ये आहे.

या विम्यात पहिला पक्ष विमाधारक, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे वाहनामुळे ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती. रस्त्यावरील पादचारी, सायकलस्वार, दुसऱ्या वाहनातील प्रवासी हे त्रयस्थ पक्ष होत. त्यांना मिळणारी भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरविते आणि ती वाहनमालकाच्या वतीने विमा कंपनी देते.

याशिवाय वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा, चोरीचा किंवा आगीचा विमा ऐच्छिक असतो. दोन्ही भाग एकत्र असलेल्या विमापत्राला सर्वसमावेशक अथवा पॅकेज पॉलिसी म्हणतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणे आवश्यक करण्यात आले. वाहनाच्या नुकसानीचा विमा मात्र स्वतंत्रपणे एकेका वर्षासाठी घेता येतो. त्यामुळे पहिले वर्ष सरल्यानंतर ‘आपला विमा तर तीन वर्षांचा आहे’ अशा समजुतीत वाहनाचा उर्वरित विमा संपून जातो, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

विमा वाहनाचा, चालकाचा नव्हे

भारतातील मोटार विमा मुख्यतः वाहनाभोवती उभा राहिलेला आहे. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात हप्ता ठरविण्यासाठी इंजिनाची क्षमता, वाहनाचे वय, त्याचे विमाकृत मूल्य आणि नोंदणीचा विभाग हे निकष होते. खासगी मोटारींसाठी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही शहरे ‘अ’ विभागात, तर उर्वरित देश ‘ब’ विभागात धरला जात असे. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले. थर्ड पार्टी विम्याचे दर मात्र आजही शासकीय अधिसूचनेने ठरतात आणि खासगी मोटारीसाठी ते इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतात. चालक विशीतला आहे की साठीतला, त्याच्या नावावर वाहतूक नियमभंगाच्या किती नोंदी आहेत, याचा या दरांशी संबंध नसतो.

साहजिकच विमा घेताना ‘तुमच्या घरात कोण कोण गाडी चालवते’ अशी यादी देण्याची प्रथा आपल्याकडे पडली नाही.

चालकविषयक कलम काय सांगते?

प्रत्येक विमापत्रावर चालकाविषयीचे एक कलम छापलेले असते. त्याचा आशय असा की विमाधारकासह कोणतीही व्यक्ती वाहन चालवू शकते. अट एवढीच की अपघाताच्या वेळी तिच्याकडे प्रभावी वाहन परवाना असावा आणि परवाना बाळगण्यास किंवा मिळविण्यास ती अपात्र ठरविलेली नसावी. शिकाऊ परवानाधारकालाही वाहन चालविता येते, परंतु त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ पाळलेला असावा लागतो. या नियमानुसार शिकाऊ चालकाच्या शेजारी परवानाधारक प्रशिक्षक अशा जागी बसलेला असावा लागतो की त्याला वाहनावर ताबा मिळविता येईल किंवा ते थांबविता येईल. वाहनाच्या पुढे आणि मागे ‘एल’ हे अक्षर लावणेही आवश्यक असते.

अर्थात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, शेजारी किंवा मित्र यांपैकी कोणीही मालकाच्या संमतीने गाडी चालविली, तरी केवळ त्याचे नाव विमापत्रात नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. मात्र खासगी मोटार भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरणे, शर्यतीत उतरविणे किंवा मद्याच्या अमलाखाली चालविणे या गोष्टी विमापत्राच्या अटींत बसत नाहीत.

परवान्याचा प्रश्न

यादीची गरज नसल्यामुळे परवान्याची जबाबदारी वाढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ नुसार परवाना नसलेल्या व्यक्तीला वाहन चालवू न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते मोडल्यास कलम १८० नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवाना नसलेल्या चालकाकडून अपघात घडला, तर त्रयस्थ व्यक्तीचे काय होते, याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. परवाना नसणे, बनावट असणे किंवा त्याची मुदत संपलेली असणे एवढ्यावरूनच विमा कंपनीची सुटका होत नाही. मालकाने योग्य ती काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. हा मुद्दा सिद्ध झाला तरी कंपनीने प्रथम पीडिताला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेक प्रकरणांत दिले आहेत. न्यायालयीन परिभाषेत याला ‘द्या आणि वसूल करा’ असे तत्त्व म्हणतात.

येथे कुटुंबाच्या दृष्टीने एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. नोकरीवर ठेवलेल्या चालकाने दाखविलेला परवाना खरा वाटला, त्याची गाडी चालविण्याची चाचणी घेतली, असे मालक सांगू शकतो. पण स्वतःच्या मुलाकडे परवाना नव्हता हे ठाऊकच नव्हते, असे म्हणणाऱ्या पित्यावर विश्वास बसणे अवघड आहे. त्यामुळे घरातील विनापरवाना चालकाच्या प्रकरणात लाखो रुपयांची भरपाई अखेर कुटुंबाच्याच मालमत्तेतून वसूल होण्याचा धोका अधिक असतो.

वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीबाबत तर ही सवलतही मिळत नाही. स्वर्णसिंग प्रकरणातील तत्त्व त्रयस्थ पक्षाच्या दाव्यांपुरते आहे, वाहनाच्या नुकसानीच्या दाव्याला ते लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये लक्ष्मीनारायण धत्त प्रकरणात स्पष्ट केले.

ज्येष्ठ चालकांच्या परवान्याची मुदत हा आणखी एक दुर्लक्षित विषय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या तिशीपूर्वी काढलेला परवाना चाळीस वर्षे वयापर्यंत, तीस ते पन्नास या वयात काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयातील परवाना साठ वर्षे वयापर्यंत, तर त्यानंतरचा परवाना पाच वर्षे वैध असतो. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना प्रभावी मानला जात असे. ही तरतूद दुरुस्तीमध्ये वगळण्यात आली.

अल्पवयीन मुलांबाबत कायदा विशेष कठोर आहे. कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो रोखण्यासाठी आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर किंवा मालकावर असते.

चालक स्वतःच जखमी झाला तर?

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. समजा, वडिलांच्या नावावरील मोटार मुलगा चालवीत आहे. रात्री रस्त्यावर अचानक जनावर आडवे येते, मोटार दुभाजकावर आदळते आणि मुलाचा मृत्यू होतो. दुसरे कोणतेही वाहन या अपघातात नाही. मोटारीचा सर्वसमावेशक विमा चालू आहे, मुलाकडे वैध परवाना आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे. मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च कंपनी देईल. मुलाच्या पत्नीला आणि मुलांना काय मिळेल?

अनेकांना धक्का बसेल, परंतु थर्ड पार्टी विम्यातून त्यांना काही मिळणे कठीण आहे. ज्याच्या हाती वाहनाचे चाक आहे तो त्या वाहनापुरता त्रयस्थ पक्ष ठरत नाही. मालकाच्या संमतीने वाहन घेऊन चालविणारी व्यक्ती मालकाच्याच जागी उभी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात म्हटले. दुसऱ्याची मोटारसायकल चालविताना बैलगाडीशी झालेल्या अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाचा, चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई मागण्याच्या कलमाखालील दावा या कारणाने टिकू शकला नाही.

दुसरे वाहन दोषी असेल तर परिस्थिती वेगळी असते. त्या वाहनाच्या दृष्टीने आपला चालक त्रयस्थ पक्ष असतो आणि त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते. अडचण येते ती चूक आपल्याच चालकाची असेल किंवा गाडी झाडावर, दुभाजकावर आदळली असेल किंवा खड्ड्यात उलटली असेल तेव्हा.

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा

ही पोकळी भरून काढण्यासाठी वैयक्तिक अपघात विम्याची तरतूद आहे. पूर्वी खासगी मोटारीसाठी दोन लाख आणि दुचाकीसाठी एक लाख रुपये अशी त्याची मर्यादा होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये ती पंधरा लाख रुपये केली. जानेवारी २०१९ पासून हा विमा वाहनाच्या विमापत्रापासून वेगळा, स्वतंत्रपणे घेण्याची मुभा देण्यात आली. ज्याच्याकडे आधीच पंधरा लाखांचा अपघात विमा आहे, त्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

या विम्यात मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमावणे, तसेच कायमचे संपूर्ण अपंगत्व यांसाठी पूर्ण रक्कम, तर एक अवयव किंवा एका डोळ्याची दृष्टी गमावल्यास निम्मी रक्कम मिळते. परंतु तो कोणाला लागू होतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. विमापत्राच्या अटींनुसार ती व्यक्ती वाहनाची नोंदणीकृत मालक असली पाहिजे, विमापत्रात विमाधारक म्हणून तिचेच नाव असले पाहिजे आणि तिच्याकडे प्रभावी परवाना असला पाहिजे. ‘मालक-चालक’ या जोडशब्दातील दोन्ही पदे तितकीच महत्त्वाची आहेत.

याचा परिणाम कुटुंबात कसा होतो, ते तीन उदाहरणांवरून दिसेल.

पहिले उदाहरण : मोटार पतीच्या नावावर, परंतु रोज चालविते पत्नी. पंधरा लाखांचा विमा पतीचा आहे. पत्नी चालवीत असताना तिला अपघात झाला, तर या अटींनुसार ती ‘मालक-चालक’ नव्हे.

दुसरे उदाहरण : मोटार पत्नीच्या नावावर, पत्नीकडे परवाना नाही आणि गाडी चालवितो पती. येथे मालकाकडे परवाना नाही आणि चालकाकडे मालकी नाही. या घरात या विम्याचा लाभ कोणालाच मिळत नाही.

तिसरे उदाहरण : मोटार कुटुंबाच्या व्यवसायसंस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर. संस्था ही काही गाडी चालविणारी व्यक्ती नव्हे. त्यामुळे तेथे हा विमा दिलाच जात नाही.

२०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, उसनी मोटारसायकल चालविताना मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसांना त्रयस्थ पक्ष म्हणून भरपाई नाकारली. मात्र विमापत्रातील वैयक्तिक अपघात विम्याची एक लाख रुपयांची रक्कम व्याजासह देण्याचा आदेश दिला. अशा आदेशामुळे कुटुंबाला काही दिलासा मिळू शकतो. परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यावर विसंबून राहणे हे शहाणपणाचे नियोजन ठरत नाही.

येथे मात्र नाव घालावे लागते

कुटुंबातील इतर चालकांसाठी विमापत्राला पुरवणी जोडता येते. २००२ च्या दरपत्रकातील पुरवणी क्रमांक १५ ही नामनिर्दिष्ट व्यक्तींच्या वैयक्तिक अपघात विम्यासाठी होती. त्यात ज्यांना संरक्षण द्यायचे त्यांची नावे आणि रक्कम लिहिली जात असे आणि खासगी मोटारीत प्रत्येकी दोन लाख रुपयांची कमाल मर्यादा होती. पुरवणी क्रमांक १६ नाव न लिहिलेल्या प्रवाशांसाठी, तर क्रमांक १७ पगारी चालकासाठी होती. आजही कंपन्यांच्या विमापत्रांत या प्रकारची ऐच्छिक संरक्षणे दिली जातात. घरातील सर्व चालकांची यादी विमापत्रात असण्याचा भारतातील खरा उपयोग आहे तो येथे.

दोन लाख रुपये ही रक्कम तरुण कमावत्या व्यक्तीच्या कुटुंबासाठी अपुरी आहे, हे उघड आहे. म्हणून घरातील प्रत्येक चालकासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेणे अधिक योग्य ठरते. तो व्यक्तीचा असल्यामुळे ती स्वतःची मोटार चालवीत असो, मित्राची असो किंवा बसने प्रवास करीत असो, संरक्षण तिच्यासोबत राहते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. बँक किंवा टपाल खाते असलेल्या घरातील प्रत्येक चालकाला किमान एवढे तरी करता येईल.

मोटारीतील प्रवाशांबाबतही एक भेद आहे. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या खासगी मोटारीतील विनामूल्य प्रवाशांचा समावेश त्यात गृहीत धरता येत नाही. सर्वसमावेशक विमापत्रात मात्र अशा प्रवाशांबाबतचे दायित्व समाविष्ट असते. विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रकाद्वारे हे स्पष्ट केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची दखल घेतली. जुनी झाली म्हणून मोटारीचा केवळ थर्ड पार्टी विमा ठेवणाऱ्या कुटुंबांनी हा फरक जाणून घ्यावा.

उपचारांच्या बाबतीत २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचार योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत मिळू शकतात. तातडीच्या उपचारांसाठी हा आधार आहे. कमावती व्यक्ती गमावल्याची भरपाई मात्र त्यातून होत नाही.

पगारी चालक

घरी पगारी चालक असेल, तर मालक हा कायद्याच्या दृष्टीने नियोक्ता असतो. कामावर असताना चालकाला अपघात झाल्यास भरपाईचे दायित्व मालकावर येते. ते विमापत्रात नोंदविण्यासाठी पगारी चालकाबाबतच्या कायदेशीर दायित्वाची पुरवणी असते. २००२ च्या दरपत्रकात तिचा वार्षिक आकार प्रतिव्यक्ती अवघा २५ रुपये होता. इतक्या अल्प रकमेसाठी ही नोंद गाळली जाऊ नये. चालकाच्या परवान्याची प्रत ठेवणे आणि तो परवाना परिवहन विभागाच्या अभिलेखात पडताळून घेणे हे मालकाच्या हिताचे आहे.

परदेशांतील पद्धत

अमेरिकेत शिक्षण किंवा नोकरीसाठी स्थायिक होणाऱ्या भारतीय कुटुंबांना या विषयात वेगळाच अनुभव येतो. तेथे विमा कंपन्या वाहनाइतकेच चालकाला महत्त्व देतात. अर्ज करतानाच घरात राहणाऱ्या, वाहन चालविण्याच्या वयाच्या सर्व व्यक्तींची माहिती मागितली जाते. त्यांचे वय, चालविण्याचा अनुभव, अपघात आणि नियमभंगाच्या नोंदी यांवर हप्ता ठरतो. कॅलिफोर्निया राज्यात १९८८ च्या जनमतकौलाने मंजूर झालेल्या प्रस्ताव क्रमांक १०३ नुसार चालकाची सुरक्षितता नोंद, वार्षिक अंतर आणि अनुभवाची वर्षे यांना दर ठरविताना प्राधान्य द्यावे लागते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे नाव जोडताच हप्ता लक्षणीय वाढतो. त्यामुळे ते लपविण्याचा मोह काहींना होतो. परंतु माहिती दडविल्याचे आढळल्यास कंपनी दावा नाकारू शकते किंवा विमापत्र रद्द करू शकते. एखाद्या सदस्याला विम्यातून नावानिशी वगळण्याची सोयही अनेक राज्यांत आहे, मात्र ती सर्व राज्यांत मान्य नाही. अशा वगळलेल्या व्यक्तीने गाडी चालविली तर तिच्या अपघाताला संरक्षण मिळत नाही. अधूनमधून गाडी मागणाऱ्या पाहुण्याला बहुधा मालकाच्या संमतीच्या आधारे संरक्षण मिळते. पण मुलांकडे काही महिने राहावयास गेलेले आईवडील गाडी चालविणार असतील, तर ते पाहुणे की घरातील सदस्य, हे कंपनीला आधीच विचारून घेणे इष्ट.

ब्रिटनमध्येही विमापत्रात मुख्य चालक आणि इतर नामनिर्दिष्ट चालक अशी नोंद होते. तरुण मुलगा मुख्यतः गाडी चालवीत असताना हप्ता वाचविण्यासाठी आईला किंवा वडिलांना मुख्य चालक दाखविणे हा तेथे फसवणुकीचा प्रकार मानला जातो. ग्राहकाने माहिती देताना वाजवी काळजी घ्यावी, असे तेथील २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याचे बंधन आहे.

भारतातही काही प्रमाणात वाहनाकडून चालकाकडे लक्ष वळू लागले आहे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात, किती अंतर चालविले आणि कसे चालविले यांवर आधारित हप्त्याच्या ऐच्छिक योजनांना परवानगी दिली. एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित विमापत्राचीही मुभा त्याच वेळी मिळाली.

मालकाच्या मृत्यूनंतर

नोंदणीकृत मालकाचे निधन झाल्यावर गाडी घरातच राहते आणि पूर्वीप्रमाणे वापरली जाते. विमापत्राच्या प्रमाण अटींनुसार मालकाच्या मृत्यूनंतर विमा लगेच संपुष्टात येत नाही. तो तीन महिने किंवा विमापत्राची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत चालू राहतो. या काळात वारसाने विमापत्र आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. नोंदणी पुस्तकावरील नावही बदलून घ्यावे. पती-पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे वाहन गेल्यास दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजेच नो क्लेम बोनस, पुढे चालू ठेवता येतो.

विमापत्र पाहताना

नूतनीकरणाच्या वेळी कुटुंबाने पुढील बाबी तपासाव्यात :

• नोंदणी पुस्तकावरील मालक आणि विमापत्रातील विमाधारक ही एकच व्यक्ती आहे का?

• त्या व्यक्तीकडे वैध परवाना आहे का? नसल्यास मालक-चालक अपघात विम्याचा उपयोग कोणाला होणार?

• ‘माझ्याकडे आधीच अपघात विमा आहे’ या रकान्यावर खूण केली असेल, तर तो विमा खरोखरच चालू आहे का आणि त्याची रक्कम पंधरा लाखांची आहे का?

• गाडी चालविणाऱ्या घरातील प्रत्येकाच्या परवान्याची मुदत कधी संपते?

• मालक सोडून इतर चालकांसाठी नामनिर्दिष्ट किंवा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आहे का?

• पगारी चालकाविषयीच्या दायित्वाची नोंद आहे का?

• विमापत्रातील वारसाचे नाव विवाह, जन्म किंवा मृत्यूनंतर बदलले आहे का?

यांतील बहुतेक बाबींसाठी खर्च अल्प आहे आणि काहींसाठी तर मुळीच नाही. आपल्या देशात कायदा गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची यादी मागत नाही. ती यादी घरानेच करावी आणि प्रत्येक नावापुढे परवान्याची मुदत व अपघात विम्याची रक्कम लिहावी. एखाद्या नावापुढील रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या वेळी चाकावर बसण्यापूर्वी तो भरून घ्यावा.